संगमरवरातील दोन मृत्युशय्या : मद्रासचे श्वार्ट्झ-स्मारक आणि तंजावरचे सरफोजीराजे

चर्चच्या अंतर्भागाचे चित्रण हा युरोपीय चित्रकलेतील एक स्वतंत्र विषय आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार पीटर सान्रेडाम यांनी रंगविलेली पांढऱ्या भिंतींची निःशब्द दालने, एमान्युएल दे विटे यांच्या चित्रांतील प्रवचन ऐकणारी माणसे आणि त्यांच्या पायांशी नुकतेच खणलेले थडगे, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स्वा ग्राने यांनी रंगविलेले रोममधील कापुचिन संन्याशांचे प्रार्थनागृह, ही या परंपरेची परिचित उदाहरणे होत. या चित्रांत वास्तू हे केवळ निमित्त असते. आत कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाला भिंतीवर जागा मिळाली आहे आणि कोणाला जमिनीखाली, हा त्यांचा खरा विषय. म्हणजे चर्चचा अंतर्भाग हा एका समाजाने स्वतःचा मांडलेला हिशेबच असतो.

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, इंग्रजी चित्रांकडे वळले की दृष्टी बहुधा बाहेरच राहते. टॉमस व विल्यम डॅनियल यांच्यासारखे प्रवासी चित्रकार समुद्रावरून किंवा मैदानातून किल्ला पाहतात. चर्चचा मनोरा त्यांना तटबंदीइतकाच, सत्तेची खूण म्हणून उपयोगी पडतो. आतला हिशेब वाचावयाचा तर रंगांपेक्षा संगमरवराकडे जावे लागते. सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चच्या भिंतीवर 1807 सालचे असे एक संगमरवरी 'चित्र' आहे. त्याचे दुसरे रूप तंजावरला आहे. प्रसंग दोन्ही ठिकाणी एकच: ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा मृत्यू. परंतु तंजावरच्या चित्रात एक मराठा राजपुरुष आहे आणि मद्रासच्या चित्रात तो नाही. या एका फरकाचा अर्थ लावणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे दोन दगड एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, असे मला वाटते.

प्रथम वास्तूविषयी थोडेसे. सेंट मेरीज चर्चचे बांधकाम गव्हर्नर स्ट्रेन्शम मास्टर यांच्या कारकीर्दीत 25 मार्च 1678 रोजी सुरू झाले आणि 28 ऑक्टोबर 1680 रोजी ते विधिपूर्वक उपासनेसाठी खुले करण्यात आले. तोफगोळ्यांचा मारा सोसावा म्हणून छत जाड कमानींचे केलेले आहे. प्रार्थनेपेक्षा वेढ्याचाच विचार अधिक केला असावा, असे कोणाला वाटले तर नवल नाही. वेदीमागे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचे एक तैलचित्र आहे. 1761 साली पाँडिचेरी पडल्यावर ते लुटीत आले, त्यात राफाएलच्या शाळेचा हात आहे, अशा आख्यायिका त्याच्याभोवती आहेत. चित्रकाराचे नाव अज्ञात आहे. या चित्राचा अपवाद वगळला तर अंतर्भागातील प्रतिमा या मृतांच्या स्मारकांच्याच प्रतिमा आहेत. प्रॉटेस्टंट पंथाने संतांच्या मूर्ती भिंतींवरून उतरविल्या. रिकाम्या झालेल्या त्या जागा कालांतराने सेनापती, गव्हर्नर, न्यायाधीश आणि धर्मोपदेशक यांच्या स्मृतिशिलांनी भरल्या. मूर्तिपूजेला हद्दपार करणाऱ्या धर्माच्या घरात मूर्ती आली ती स्मारकाच्या दाराने. श्वार्ट्झ-स्मारकाचे वैशिष्ट्य असे की, संताची जुनी जागा आणि कंपनीच्या उपयुक्त माणसाची नवी जागा त्यात एकाच चौकटीत आलेली आहे.

श्वार्ट्झ यांचा जन्म 1726 साली ब्रांडेनबुर्ग प्रांतातील सोनेनबुर्ग येथे झाला. 1750 मध्ये ते डॅनिश लोकांच्या तरंगंबाडी येथे उतरले, पुढे तिरुचिरापल्लीस राहिले आणि 1778 पासून अखेरपर्यंत तंजावरला होते. तमिळ ही त्यांची कामकाजाची भाषा. त्याखेरीज पोर्तुगीज, फारसी आणि तंजावर दरबाराची मराठी यांच्याशीही त्यांचा परिचय होता. 1779 साली मद्रास सरकारने त्यांना हैदरअलीकडे वकिलीसाठी पाठविले. मिशनरी आणि मुत्सद्दी या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या, आणि त्या दोहोंत त्यांना स्वतःला विसंगती वाटली असेल असे दिसत नाही.

तंजावरचे भोसले राजे तुळजाजी 1787 साली निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेऊन त्यांचे पालकत्व श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविण्याची इच्छा दर्शविली होती. प्रत्यक्षात पंडितांकडून दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून घेण्यात आले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर आले. सरफोजींना जाच होऊ लागला तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे तक्रारी केल्या. 1793 साली सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, युरोपीय विद्या आणि ग्रंथसंग्रहाची आवड या पुढे प्रसिद्ध झालेल्या सरफोजींच्या गुणांची जडणघडण अंशतः मद्रासमध्येच झाली, ही गोष्ट तंजावरच्या वैभवाविषयी लिहिताना आपण बरेचदा विसरतो. पुढे दुसऱ्या पंडितांच्या अभिप्रायाने दत्तकविधान वैध ठरले. 13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ वारले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले. या दोन तारखांमधील साडेचार महिन्यांचे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

मद्रासचे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी जॉन बेकन (धाकटे) या लंडनच्या शिल्पकाराकडून करवून घेतले. हे उत्थितशिल्प आहे. आकृती पार्श्वभूमीच्या पाट्यातून उठून येतात, पण तिला चिकटलेल्याही राहतात. त्यामुळे ते पाहताना मूर्तीपेक्षा चित्राचीच आठवण होते. शय्येवर मरणोन्मुख श्वार्ट्झ आहेत. एका सहकारी मिशनऱ्याने त्यांचे मस्तक सावरून धरले आहे. भोवती इतर बंधू आहेत आणि त्यांच्या घरी आश्रय मिळालेली लहान मुले आहेत. त्यांपैकी एकाने त्यांचा हात कवटाळला आहे. परंतु श्वार्ट्झ यांचे लक्ष या कोणाकडेच नाही. त्यांचा दुसरा हात वर उचललेला आहे आणि दृष्टी क्रूस घेऊन उतरणाऱ्या देवदूताकडे लागली आहे. त्याच्याही वर कराराचा कोश आहे. म्हणजे चित्राची रचना उभी आहे. खाली पृथ्वी, वर स्वर्ग, आणि मधल्या रेषेवर एक उचललेला हात.

या शिल्पाखालचा इंग्रजी लेख लांबलचक आहे. माझ्या मते शिल्पाइतकाच तोही बारकाईने वाचावयास हवा. श्वार्ट्झ यांची निरिच्छता, तंजावरचे चर्च, रामनाथपुरम व तिरुनेलवेली भागातील शाळा यांचा उल्लेख करून हा लेख राजकारणाकडे वळतो. एतद्देशीयांचा त्यांच्यावर जो विश्वास होता तो सरकारी कामी अनेकदा उपयोगी पडला, हे त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. हैदरअलीने युद्धाच्या धुमाळीतही या साधुपुरुषाला अडवू नये असा हुकूम दिल्याचे सांगितले आहे. तुळजाजींनी मृत्युशय्येवरून आपला दत्तक पुत्र, म्हणजे 'विद्यमान राजे' सरफोजी, आणि राज्याचा सर्व कारभार श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविण्याची इच्छा केली, हेही सांगितले आहे. शेवटी बालकांच्या आणि शोकाकुल सहकाऱ्यांच्या सान्निध्यात त्यांचे देहावसान झाल्याचे नमूद करून लेख कंपनीच्या कृतज्ञतेवर संपतो.

आता लेख आणि शिल्प यांचा मेळ घालून पाहावा. लेखात मृत्युशय्या दोन आहेत, एक तुळजाजींची आणि एक श्वार्ट्झ यांची. शिल्पात एकच आहे. लेखात दोन राजे आणि एक नवाब येतात. शिल्पात मिशनरी, मुले आणि देवदूत. सरफोजी मद्रासच्या स्मारकात अक्षरांच्या रूपाने आहेत, आकृतीच्या रूपाने नाहीत. अक्षरांतही ते येतात ते कोणाच्या तरी हाती सोपविले गेलेले बालक म्हणून. कंपनीला त्यांचा साक्षीदार म्हणून उपयोग होता, पात्र म्हणून नव्हता.

हे केवळ जागेच्या अभावामुळे झाले असे म्हणता येत नाही. स्मारकाचा वाचक कोण असावा याचा विचार संचालकांनी स्पष्टपणे केला होता. लेखाचे देशी भाषांत भाषांतर करून ते मद्रासमध्ये प्रसिद्ध करावे आणि एतद्देशीय लोकांना स्मारक पाहावयास येण्यास उत्तेजन द्यावे, अशा सूचना त्यांनी मद्रास सरकारला दिल्या होत्या. एका व्यापारी मंडळाने संगमरवराच्या पाट्यासोबत त्याच्या भाषांतराचीही तजवीज करावी, ही घटना आपल्या भाषांतराच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. येथे भाषांतर हे धर्मप्रसाराचे साधन आहेच, पण त्याहूनही अधिक ते राज्यकर्त्यांविषयी आदर उत्पन्न करण्याचे साधन आहे. जिचा अधिकारी इतका निःस्पृह, ती सत्ताही तशीच, असा त्यातला न बोललेला युक्तिवाद.

दुसरे स्मारक स्वतः सरफोजींनी मागविले. 1801 मध्ये त्यांनी लंडनच्या 'ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थे'ला इंग्रजीत पत्र लिहून, ज्यांना आपण पिता, मित्र आणि बालपणीचे रक्षक मानतो त्या श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून पाठवावे अशी विनंती केली. ते कोठे बसवावयाचे हेही राजांनी ठरविले होते: तंजावरच्या लहान किल्ल्यात श्वार्ट्झ यांनी बांधलेल्या चर्चमध्ये, प्रवचनपीठाच्या जवळ. काम जॉन फ्लॅक्समन यांना मिळाले. होमरच्या महाकाव्यांवरील रेखाचित्रांमुळे त्यांचे नाव युरोपभर झालेले होते.

फ्लॅक्समन यांच्या शिल्पातही शय्येवर श्वार्ट्झ आहेत, मागे गेरिके उभे आहेत, शाळेची तीन मुले आहेत. परंतु शय्येशी, त्या वृद्धाचा हात हाती घेतलेले, सरफोजी आहेत आणि त्यांच्यासोबत दोन दरबारी सेवक आहेत. मद्रासला जो हात एका अनाथ बालकाने धरला आहे, तो येथे राजाच्या हातात आहे. या रचनेची रेषा आडवी आहे, माणसाकडून माणसाकडे जाणारी. आशीर्वाद वरून उतरण्याऐवजी हातातून हातात जातो.

वस्तुस्थिती काय होती? श्वार्ट्झ यांच्या अखेरच्या आजारात सरफोजी त्यांना भेटले होते, आणि राज्य कसे करावे, न्याय कसा द्यावा, चैनीपासून कसे दूर राहावे याविषयी वृद्ध गुरूने त्यांना उपदेश केला होता. मृत्यूनंतर शवपेटी बंद होण्यापूर्वी सरफोजी आले, त्यांनी अश्रू ढाळले, देहावर जरीचे वस्त्र घातले आणि ते दफनभूमीपर्यंत चालत गेले. मात्र प्राण गेला त्या क्षणी जवळ होते ते सहकारी आणि शिष्य. तेव्हा घटकेच्या दृष्टीने पाहिले तर, देवदूत वजा करता, मद्रासचे शिल्प अधिक खरे आहे. फ्लॅक्समन यांनी आजारातील भेट आणि मरणोत्तर दर्शन ही एकाच क्षणात गोळा केली. पण चित्र म्हणजे पंचनामा नव्हे, आणि दोन व्यक्तींमधील नाते दाखवावयाचे असेल तर कालाची अशी घडी घालण्याचा अधिकार कलावंताला, आणि विशेषतः पैसे देणाऱ्या यजमानाला, नेहमीच राहिलेला आहे.

येथे ते साडेचार महिने आठवावेत. श्वार्ट्झ यांच्या मृत्यूच्या दिवशी सरफोजी राजे नव्हते. ते एक हक्कदार होते आणि गादीवर दुसरा मनुष्य होता. 1801 साली शिल्प मागविताना मात्र ते राजे होते, आणि राजे असूनही 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला होता. त्यांच्याकडे किल्ला, वार्षिक नेमणूक आणि मानमरातब एवढेच उरले होते. या दोन्ही प्रसंगांच्या मध्ये हे शिल्प उभे आहे. त्यात हक्कदाराला राजाची जागा मिळते. ज्याच्या दत्तकविधानाविषयी पंडितांत मतभेद झाले, त्याच्या हाती पालकाचा हात संगमरवरात कायमचा ठेवला जातो. सरफोजींची कृतज्ञता खोटी होती असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. तिच्याविषयी शंका घेण्यास आधार नाही. 1806 साली क्लॉडियस बुकॅनन हे पाद्री तंजावरला आले, तेव्हाही राजांनी त्यांना महालातील श्वार्ट्झ यांच्या चित्रापाशी आवर्जून नेले होते. परंतु कृतज्ञता आणि राजकीय गरज यांना एकाच दगडात राहण्यास अडचण वाटत नाही. कंपनीने तरी मद्रासला दुसरे काय केले?

फ्लॅक्समन यांच्याच दुसऱ्या एका कामाशी तुलना केली तर यजमानाचा हात किती दूरवर पोहोचतो ते कळते. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सर विल्यम जोन्स यांच्या स्मारकात जोन्स खुर्चीवर बसून लिहीत आहेत आणि पंडित खाली जमिनीवर बसून सांगत आहेत. ज्ञान ज्यांच्याजवळ आहे ते खाली, टिपून घेणारा वर. शिल्पकार तोच, काळ जवळजवळ तोच. पण तेथे यजमान जोन्स यांच्या पक्षाचा होता. तंजावरसाठी काम करताना त्याच शिल्पकाराला भारतीय पुरुष समोरासमोर आणावा लागला. पुढे मद्रासच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये (ते 1816 साली उपासनेसाठी खुले झाले) बिशप हीबर यांचे, फ्रान्सिस चँट्री यांनी केलेले स्मारक बसले. हीबर हे 1826 च्या मार्चमध्ये तंजावरला सरफोजींना भेटले आणि लगेच 3 एप्रिल रोजी तिरुचिरापल्लीस वारले. त्या शिल्पात ते दोन भारतीयांना धर्मदीक्षेचा दृढीकरणविधी देत आहेत. तेथे राजा नाही, मित्र नाही. विधी घेणारे आहेत. पंचवीस वर्षांत भारतीय माणसाची जागा कोठून कोठे सरकली हे या दोन शिल्पांवरून दिसते.

मराठी वाचकाला तंजावरचे शिल्प आणखी एका तऱ्हेने वाचता येते, आणि सरफोजींनी ते तसे वाचले असण्याचा संभव मला वाटतो. मरणोन्मुख वृद्धाने शय्येवरून तरुण राजाला राजधर्म सांगावा, हा प्रसंग आपल्या परंपरेत नवा नाही. शरपंजरी पडलेले भीष्म आणि त्यांच्यापुढे बसलेला युधिष्ठिर हे त्याचे मूळ रूप. युद्ध संपले आहे, राज्य हाती आले आहे, पण ते कसे चालवावे हे अद्याप कळलेले नाही, अशा राजाला जाणारा माणूस शहाणपण देतो. युरोपीय शिल्पकाराने ख्रिस्ती पुण्यपुरुषाच्या मरणाचे चित्र कोरले असेल; ज्याने ते मागविले त्याच्या मनात शांतिपर्व असणे अशक्य नाही. गुरू अन्य धर्माचा होता, याने शिष्याच्या धर्माला बाध आला नाही. सरफोजी अखेरपर्यंत शिवभक्त राहिले. ख्रिस्ती लेखकांना त्यांच्या धर्मांतराची आशा होती, ती फलद्रूप झाली नाही. मद्रासच्या भिंतीवर राजाची आकृती का नाही, याचे एक कारण येथेही असू शकेल. देवदूताकडे पाहणाऱ्या चित्रात, देवदूत न दिसणारा माणूस कोठे उभा करावयाचा?

भाषेच्या निवडीकडे लक्ष दिले तर सरफोजींचा विवेक अधिकच स्पष्ट होतो. श्वार्ट्झ यांच्या समाधिशिळेसाठी त्यांनी स्वतः इंग्रजी पद्य रचले. भारतीयाने लिहिलेल्या इंग्रजी कवितेचा इतिहास सांगताना कलकत्त्यापासून सुरुवात करण्याची आपली पद्धत आहे; या ओळी त्याआधीच्या आहेत, हे नमूद करण्यापलीकडे त्यांच्या काव्यगुणांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. पण जवळजवळ त्याच सुमारास, 1803 साली, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा विस्तृत इतिहास कोरविला तो मराठीत. पूर्वजांसाठी मराठी आणि शिवालयाची भिंत. गुरूसाठी इंग्रजी आणि चर्च. दोन्ही ठिकाणी लिहविणारा एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो आपली वंशावळच सांगत आहे, एक रक्ताची आणि दत्तकाची, दुसरी विद्येची. शिवाय ही विद्या त्यांनी इंग्रजीतच कोंडून ठेवली नाही. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी रचनेत तमिळ कुरवंजी नाट्याच्या घाटात जगाचा भूगोल येतो. भविष्य सांगणारी कुरवंजी देशोदेशींची माहिती सांगू लागते, ही कल्पनाच तंजावरच्या बाहेर कोणाला सुचणे कठीण. तंजावरच्या राजछापखान्यात इसापनीतीच्या मराठी भाषांतराला नागरी टाइप मिळाले तेही याच काळात.

महाराष्ट्रातील वाङ्मयेतिहासांत मात्र तंजावर हे बहुधा परिशिष्टात येते, आणि त्यातही नाटके व आख्याने यांच्यापुरते. स्मारके, शिलालेख, मागणीची पत्रे यांना वाङ्मय म्हणावयाचे की नाही, असा प्रश्न त्यामागे असेल. परंतु एखाद्या राजाने कोणत्या प्रसंगी कोणती भाषा आणि कोणती भिंत निवडली हे समजल्याशिवाय त्याच्या नाटकातील भाषानिवडीचा अर्थ लागणार नाही. त्यासाठी बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी लेखाइतकेच, दोन चर्चांतील हे संगमरवरही आपल्या अभ्यासकक्षेत यावयास हवे.

सरफोजी 7 मार्च 1832 रोजी वारले. 1855 साली त्यांच्या पुत्राच्या, शिवाजीराजांच्या, निधनानंतर औरस पुत्र नाही म्हणून कंपनीने गादी नष्ट केली; दत्तकाचा प्रश्न त्या घराण्याची पाठ सोडावयास तयार नव्हता. सेंट मेरीज चर्चमधील लेखात सरफोजी अद्याप 'विद्यमान राजे' आहेत.